तीनदा ओलांडलेला पूल

“गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास की तो उतरतो.”

ओन्वुबिकोचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. घोगरा, सतत कोलाच्या बिया चघळून तुरट झालेला. मी एकवीस वर्षांचा होतो आणि त्याच्या शेजारी बसून शववाहिका चालवायला शिकत होतो. गिअर, ब्रेक, चिखलातून गाडी काढणं हे त्याने मला दोन आठवड्यांत शिकवलं. बोलायला शिकवायला दोन वर्षं घेतली.

“मेलेल्या माणसाला डोळे नसतात, एजिम,” तो म्हणायचा. “मागे आडवा पडलेला, त्याला काय दिसणार? कान तेवढे उरतात. पाणी आलं की सांगायचं पाणी आलं. वळण आलं की सांगायचं कुठल्या हाताला. नाहीतर तो मध्येच उठून बसेल, इकडेतिकडे बघेल आणि परक्या गावात उतरून जाईल. मग घरचे लोक रिकामी पेटी पुरतात आणि वर्षभर म्हणतात, घराला चैन का नाही.”

ओन्वुबिकोला जाऊन अठरा वर्षं झाली. त्याला गावी मीच नेलं. बोलायला त्याची तीन मुलं गाडीत होती, पण एकालाही रडू आवरेना. म्हणून सगळा रस्ता मीच बोललो. त्या दिवसापासून मी दमलेला आहे असं माझी बायको म्हणते. खरं असेल. माणसं पोचवून पोचवून अंगात जी दमणूक साचते ती झोपेने जात नाही. ती अंगावर बसते, हार्मातानच्या, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या, धुळीसारखी. झटकली की परत बसते.

ही गोष्ट घडली तेव्हाही हार्मातानचेच दिवस होते. लागोसच्या शवागारातून पेटी गाडीत चढवली तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि उजाडूनही सगळं पांढुरकं, पीठ सांडल्यासारखं. पेटीत मझी चिग्बो. गाड्यांचे सुटे भाग विकण्यात त्यांचं आयुष्य लागोसमध्ये गेलं. गाव नायजर नदीपलीकडचं, उमुएझिरी. सोबत त्यांची एकुलती एक लेक, इजेआमाका. शाळेत गणित शिकवणारी, चाळिशीची, अंगावर काळं लुगडं, आणि डोळे असे की तीन रात्री पापणीला पापणी लागली नसावी. आई तिची योरुबा, ती लवकर गेलेली. लागोसमध्ये नाव आखडून तिला सगळे आयजे म्हणत.

गाडी सुरू करणार तोच तिचा फोन वाजला. गावाहून तिची आत्या, दा अकुआबाता. म्हातारीचा आवाज फोनबाहेर येऊन गाडीभर पसरला, आमच्या इग्बो भाषेत, त्यातही उमुएझिरीच्या ठसक्यात.

“ड्रायव्हर आहे का तिथे? ऐक रे बाबा. माझ्या भावाला रस्ता सांगायचा तो त्याच्या पोटच्या पोरीने. भाड्याचं तोंड मला चालणार नाही. तिला येत नसेल तर शिकव. रस्ता लांब आहे. आणि फाटकाशी आल्यावर त्याचा शेवटचा शब्द तिने आमच्या ओटीत घालायचा. आमच्या घराण्यात पेटी त्याशिवाय आत येत नाही, हे तिला सांग.”

मी तिला उलगडून सांगायला तोंड उघडलं. तोवर तिने मान खाली घातली होती.

तरी सांगितलं. आमचं बोलणं रस्त्यावरच्या मोडक्या इंग्रजीत चाललेलं.

“मला इग्बो येत नाही, ओगा,” ती म्हणाली. “पापा बोलायचे, मी योरुबात उत्तर द्यायचे. असंच चालायचं आमचं.”

“आणि शेवटी काय म्हणाले ते?”

“झटका आल्यावर बाकीच्या भाषा गेल्या त्यांच्या. इंग्रजी गेली, योरुबा गेली. इग्बोच राहिली.” तिने खिडकीची काच वर केली, परत खाली केली. “मला कळलं नाही. आत्यालाही तेच सांगितलंय.”

मी गिअर टाकला. रस्ता लांब होता, म्हातारीचं बरोबर होतं.

शिकवणी सुरू झाली. कागद नव्हता, तिने पेन काढलं आणि डाव्या हातावर, मनगटापासून वर, लिहायला लागली.

“आपण बसलोय ते उग्बो-अला,” मी म्हणालो. “उग्बो म्हणजे नेणारं. अला म्हणजे जमीन. जमिनीवरून नेणारं.”

“उग्बो-अला.”

“होडी म्हणजे उग्बो-मिरी, पाण्यातलं. विमान उग्बो-एलु, वरचं. आपल्या लोकांनी फार डोकं चालवलं नाही बघ. नेतंय ना? मग उग्बो.”

ती हसल्यासारखी झाली. “मग सायकल?”

“सायकल बिचारी लोखंडाचा घोडा. तिला उग्बो कोण म्हणणार, तिला तर आपणच न्यावं लागतं.”

हातावर ओळी वाढत गेल्या. उजवीकडे म्हणजे अका-न्री, जेवणाच्या हाताला. डावीकडे अका-एक्पे. पूल म्हणजे अक्वा-मिरी, पाण्यावर घातलेली खाट. पोचलो म्हणजे अन्यी एरुतेला, पण तो शब्द फाटकाशिवाय उच्चारायचा नाही. आधी उच्चारला तर मागचा माणूस तिथेच उठतो. मी ओन्वुबिकोची हाक तिला ओळीओळीने दिली, जशी त्याने मला दिली होती:

पापा, हे पाणी आलं,
पाण्यावर खाट घातली.
खाटेवरून आपली गाडी निघाली,
उतरू नका.
पापा, हे वळण आलं,
जेवणाच्या हाताला वळलो.
मी पुढे आहे, माझा आवाज पुढे आहे,
उतरू नका.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच. पण प्रत्येक पाण्याला, प्रत्येक वळणाला. आणि झोपायचं नाही.”

पहिल्या ओढ्याला तिने म्हटलं ते शाळेत पाढे म्हणतात तसं. सरळ, एका सुरात, प्रत्येक शब्द वेगळा तोडून. मला वाटलं, ऐकणाऱ्याने हे ऐकून उतरून जायला हरकत नाही. पण पहिल्यांदा कोणाचंच बरं होत नाही.

ओरेला थांबलो. तिथली खानावळवाली मला पंचवीस वर्षं ओळखते. गाडीच्या मागच्या दाराकडे बघून तिने छातीवर क्रूस काढला आणि लगेच तोंड सोडलं. “काय रे एजिम, मागचा पाहुणा जेवत नाही का?”

“त्याचा उपास आहे.”

“आणि पुढची?”

“तिचाही दिसतोय.”

“तुझा मात्र कधी नसतो. अगं पोरी, इकडे ये. या म्हाताऱ्याच्या गाडीत मेलेली माणसं बरी, जिवंत असतात ती उपाशी मरतात.” तिने एबाचा, कसाव्याच्या पिठाचा, गोळा आणि कडू पानांचा रस्सा तिच्यापुढे ठेवला. “खा. रिकाम्या पोटातून आवाज निघत नाही. बाप ऐकणार कसा?”

इजेआमाकाने दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला. “दोन वर्षं मी त्यांना भरवत होते,” ती म्हणाली, कोणालाच नाही. “शाळेत जायच्या आधी, शाळेतून आल्यावर. उचलायचं, पुसायचं, परत निजवायचं. ते जड नव्हते. मीच.” मग तिने हात धुतला.

खानावळवालीने ताट उचललं.

ओविआ नदीला तिचा सूर जरा बरा लागला. बेनिनच्या वळणांवर तिने जेवणाचा हात आणि दुसरा हात बरोबर सांगितले. मग बेनिनच्या पुढे तो लांब रस्ता लागतो, जिथे काही येत नाही. पाणी नाही, वळण नाही. दोन्ही बाजूंना धुळीने म्हाताऱ्या झालेल्या झाडांच्या रांगा. तिथे तिने विचारलं, “ओगा, शेवटचा शब्द नसेल तर काय करतात?”

“असतोच. पाणी दे, एवढा तरी असतो.”

“कळला नसेल तर?”

“तर तसं सांगायचं. माणसं रागावत नाहीत. हळहळतात.”

“रागावली असती तर बरं,” ती म्हणाली.

असाबाला पोचेतोवर दुपार कलली होती. नायजरवरच्या पुलाकडे जाणारा रस्ता तुंबलेला. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आम्ही. पाण्याच्या पिशव्या विकणाऱ्या बायका, उकडलेली अंडी, पाव, आरसे, उंदराचं औषध. भोंगे वाजून वाजून भोंग्यांचा अर्थ निघून गेलेला. गाडी हातभर सरकायची, थांबायची. हातभर सरकायची, थांबायची. दीड तास.

खरं सांगतो. मी झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते, पाय क्लचवर होता. पण पुढच्या ट्रकच्या मागे बसलेल्या बकऱ्याकडे मी बघत होतो आणि मनात काहीही नव्हतं. ट्रक सरकला की मी सरकत होतो. तिचं पेन माझ्या पायाशी घरंगळत आलं तेव्हा मी मान वळवली. ती काचेला डोकं टेकून गाढ झोपलेली. तोंड अर्धं उघडं, लिहिलेला हात मांडीवर उताणा. आणि खिडकीबाहेर पलीकडच्या काठावरच्या ओनित्शाचे हमाल ओरडत होते.

पूल मागे पडला होता. सगळ्यात मोठं पाणी आम्ही एक शब्दही न बोलता ओलांडलं होतं.

मी गाडी कडेला घेतली. गुडघे ठणकत होते. कोणाला कळणार होतं? तिला उठवलं नाही तर तिलाही नाही. किंवा इथूनच मी चार ओळी पुटपुटलो असतो. एवढ्या वर्षांत माझ्या आवाजाने काय कमी लोक आले? किंवा तिलाच उठवून सांगितलं असतं, म्हण आता, पाणी काय फार लांब नाही. गाव तासाभरावर होतं. गावात घडाभर ताडी असणार, पाय सोडून बसायला बाक असणार. एकोणचाळीस वर्षांत मला कधी बाक एवढा जवळ वाटला नव्हता.

गप्प बसलास की तो उतरतो.

मी गाडी वळवली.

हमालांना आयतीच करमणूक झाली. “ओ गाडीवाले! घरी आणलेला माणूस परत लागोसला घालवतोस काय?”

“गाव पसंत पडलं नाही वाटतं म्हाताऱ्याला!”

“एक जण पलीकडेच राहिलाय,” मी खिडकीतून म्हणालो. “आणायला चाललोय.”

ते हसले. मग त्यांतल्या वयस्क माणसाचं हसू थांबलं. त्याने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि ट्रकवाल्यांना शिव्या घालत मला वाट करून दिली.

पुलाच्या मध्यावर ती जागी झाली. कललेला सूर्य समोर बघून आधी डोळे चोळले. “ओगा, आपण उलटे का चाललोय?”

“तू झोपलीस. मीही झोपल्यासारखाच होतो. पापा असाबालाच उतरले असतील.”

तिने तोंडावर दोन्ही हात घेतले. हातावरची शाई गालाला लागली. “मला एवढंही जमलं नाही.”

“मला तरी कुठे जमलं? तुझी ही पहिली वेळ. मी तर या कामात केस पिकवले.”

असाबाला पेट्रोल पंपाशी गाडी वळवून उभी केली. ती न सांगता खाली उतरली, मागचं दार उघडलं, आणि पेटीवर हात ठेवून काही वेळ उभी राहिली. रस्त्याकडेला थांबलेल्या माणसाला आत घेताना आपण जसे जरा सरकून उभे राहतो, तशी ती दारापासून सरकली. मग दार लावलं. पुढे येऊन बसली.

रांग एव्हाना सुटली होती. तिसऱ्यांदा पूल.

मी म्हणालो, “सुरू कर. पापा, हे पाणी आलं…”

तिने हाताकडे पाहिलं नाही. समोरही पाहिलं नाही. मागे वळून, पेटीच्या आणि आमच्या मधल्या जाळीला तोंड लावून ती बोलायला लागली. अर्धवट झोपेतून उठलेलं माणूस बोलतं तसं, भराभर, कुठेही न अडखळता.

“पापा, नीट बसा. मोठं पाणी आलं. खाली होड्या आहेत, खूप होड्या, एकीत कांद्याची पोती आहेत. एक माणूस जाळं ओढतोय, त्याला काही मिळालेलं दिसत नाही. तुम्ही सांगायचात ना, पूल नव्हता तेव्हा आजीने तुम्हाला फेरीबोटीतून आणलं होतं, आणि भिऊ नये म्हणून डोळ्यांवर पदर धरला होता? आजही डोळे मिटलेलेच आहेत, असू देत. कान उघडे ठेवा. मघाशी मी झोपले. तुम्ही उभे राहिलात का हो रस्त्यावर, धुळीत? आता नाही झोपत. पुलाचं लोखंड संपत आलं बघा. हा आवाज ऐकू येतोय ना, तो ओनित्शाचा बाजार. उतरू नका. घरी चाललोय आपण, पापा. घरी.”

यातलं एकही वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. आणि ती भाषा लागोसची नव्हती, माझीही नव्हती. उमुएझिरीची होती; शब्दाचं शेवटचं टोक गिळणारी, सकाळी फोनमधून ऐकलेली, तीच.

पूल संपला. तिने जाळीवरचं तोंड काढलं आणि पुढे वळून बसली. मी आरशात बघितलं, मग रस्त्याकडे. माझ्या कामात या दोनच जागा बघायच्या असतात.

बरंच पुढे गेल्यावर ती म्हणाली, “ओगा, तुम्ही काही विचारत नाही.”

“माझं काम पोचवायचं.”

“आत्या विचारेल.”

“हो.”

“ती रागावेल?”

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. “माहीत नाही, पोरी,” मी म्हणालो.

तिने थुंकीने बोट ओलं करून हातावरचे शब्द पुसायला सुरुवात केली. होडी पुसली. विमान पुसलं. पाण्यावरची खाट पुसली.

ऊन उतरताना आम्ही जेवणाच्या हाताला वळलो. तिने वळण सांगितलं. पुढे तांबडी माती, उडालाचं मोठं झाड, त्याखाली बाकं मांडलेली. आम्हाला बघताच तोफेचे तीन बार उडाले आणि झाडावरचे पक्षी धुळीत उधळले. फाटकात घराण्याचे म्हातारे पुरुष लाल टोप्या घालून ओळीने उभे होते. मध्ये काठी टेकून दा अकुआबाता. एवढीशी म्हातारी, आवाजाच्या मानाने फारच एवढीशी.

इजेआमाका उतरली. पेटीकडे वळून म्हणाली, “अन्यी एरुतेला, पापा.” पोचलो.

बायकांनी हंबरडा फोडला. आत्याने काठी उचलली तशा गप्प झाल्या.

“ये, पोरी,” आत्या म्हणाली. “दमलीस. चेहऱ्याला काय लागलंय तुझ्या, शाई? असू दे. एवढं एक कर आणि मग बस. माझा भाऊ शेवटी काय म्हणाला?”

इजेआमाका पेटीकडे बघत राहिली. कोणीतरी खाकरलं.

लाल टोपीतला एक म्हातारा हळूच म्हणाला, “जाऊ द्या हो ताई. तिला भाषा येत नाही. तिकडेच वाढलेली पोर.”

“भाषा येत नसली तरी कान आहेत ना?” आत्या पुढे आली आणि तिने पोरीचा हात हातात घेतला, अर्धा पुसलेला. आवाज एकदम मऊ झाला. “अगं, तू नुसता तो आवाज म्हण. जसा कानावर पडला तसा, वेडावाकडा. अर्थ आम्ही लावू. तुला काही कळलं पाहिजे असं नाही.”

मी गाडीला टेकून उभा होतो. मला वाटलं, म्हातारीने मोठ्या मनाने दार उघडून दिलंय. निघून जा, पोरी, त्यातून. दोन आवाज काढ आणि बाकावर बस.

तिने आत्याच्या हातातला हात काढून घेतला. पदराने गालावरची शाई पुसली, ती आणखीनच पसरली. मग ती बोलली, उमुएझिरीच्या भाषेत, शब्दांची टोकं गिळत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“‘मला घरी घेऊन चल,’ म्हणाले ते. अकरा दिवस, रोज, माझा हात धरून. कळलं म्हटलं असतं तर निघावं लागलं असतं, आत्या, आणि मी फार दमले होते. म्हणून मी म्हणायचे, पापा, मला कळत नाही. मला कळत होतं. पहिल्या दिवसापासून मला कळत होतं.”